आधी अंघोळ, मग रंग

जुन्या सैनिकांचा डबा घरात आला की हात आपोआप रंगांकडे जातो. जरा थांबा. सेकंडहँड मिनिएचरमध्ये, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळातल्या छोट्या सैनिकांत, रंगकाम शेवटी येतं. त्याआधी निवडणं, धुणं, जुना रंग सोलणं आणि चुकीचे सांधे मोडणं. माझी यादी त्याच क्रमाने आहे. ती वॉरहॅमर ४०,००० या युद्धखेळातल्या स्पेस मरीनना, म्हणजे चिलखती अंतराळ-सैनिकांना, धरून लिहिली आहे, कारण जुन्या मालात तेच ढिगाने सापडतात. १९८७ मध्ये हा खेळ आला, त्याच वर्षी ३० प्लास्टिक सैनिकांची एक पेटी निघाली, आणि नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप कंपनी तेव्हापासून हे गडी पाडतेच आहे.

आपल्याकडे असा डबा बहुधा इंग्लंडातल्या एखाद्या मावसभावाच्या बॅगेतून येतो. त्याला आधीच बजावून ठेवा की स्प्रेचा कॅन आणू नकोस, विमानात चालत नाही. तळाशी उरलेले तुटके हात, सुटी डोकी, अर्धी बंदूक असं सगळं मात्र गोळा करून आण. पुढे खरी मजा त्या भंगारातच आहे. शक्य असेल तर उंचीही विचारून घ्या. २०१७ नंतरचे प्रायमारिस नावाचे नवे मरीन जुन्यांपेक्षा चांगलेच उंच आहेत. एका तुकडीत मिसळले की बापलेक कवायतीला आल्यासारखे दिसतात.

डबा आला की वर्तमानपत्र पसरा आणि तीन ढीग करा : प्लास्टिक, धातू, रेझिन (साच्यात ओतून घट्ट होणारी राळ). हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. धातू हाताला जड लागतो. प्लास्टिकवर सुरीची धार हलकेच ओढली की बारीक कात निघते. रेझिन खरवडलं की कोरडी भुकटी पडते. ती भुकटी छातीत जाऊ देऊ नका. घासायचं तर ओलं करून आणि मास्क लावून. साधारण १९९७ पर्यंतच्या धातूच्या सैनिकांत शिसं असायचं, म्हणून ते हाताळल्यावर साबणाने हात धुवा, आणि घरात रांगतं मूल असेल तर तो ढीग कपाटावर.

मग अंघोळ. आधी कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. जुन्या रंगाचा थर पातळ असेल तर तो सोलायची गरजच नाही, त्यावरच नवा चढवा. पण कवचावरची कोरीव रेष बुजली असेल, तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल झाकणाच्या काचेच्या बरणीत घ्या. प्लास्टिक आणि धातू त्यात रात्रभर राहू दे. रेझिनला अर्ध्या-एक तासाने काढून बघा. हातात नायट्राइलचे मोजे, खिडकी उघडी, आणि बरणी गॅसपासून, देवघरातल्या समईपासून लांब, कारण हा द्रव झटकन पेट घेतो. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. त्यातलं अॅसिटोन धातूला काही करत नाही, प्लास्टिकला मात्र गिळतं. माझा पहिला सार्जंट मी त्यात बुडवला होता. तासाभराने वाटीत खरवसासारखं काहीतरी हलत होतं. काम झालं की गढूळ अल्कोहोल मोरीत ओतू नका. गाळ बसू द्या, वरचं निवळ परत बाटलीत भरा, पुढच्या दहा जणांना तेच पुरतं.

आधीच्या मालकाने हात वाकडा चिकटवला असेल तर जोर लावू नका. सैनिक दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने सुपरग्लू ठिसूळ होतो आणि सांधा बऱ्याचदा कट्‌कन सुटतो. घरच्यांना आधी सांगा, मटारच्या पिशवीवर धड सापडलं की प्रश्न होतात. प्लास्टिक ग्लूने जोडलेलं असेल तर आशा सोडा, तो प्लास्टिक विरघळवूनच जोडतो. तिथे बारीक करवत. रेझिनची तलवार वाकली असेल तर गरम पाण्यात धरा, सरळ करा, लगेच गार पाण्यात बुडवा.

आता कारागिरी. फेविक्विक, हाताने फिरवायचं एक मिलिमीटरचं ड्रिल, कागद अडकवायच्या यूपिनची तार आणि ग्रीन स्टफ (दोन रंग एकत्र मळले की घट्ट होणारी पुट्टी) एवढं असलं की बरंच होतं. धातूचा जड हात नुसत्या गोंदावर टिकत नाही. दोन्हीकडे भोक पाडून मध्ये तारेचा तुकडा घाला. ग्रीन स्टफची पट्टी निळी-पिवळी असते. मधली, जिथे दोन रंग भिडतात ती कड कापून टाका, ती आधीच आवळलेली असते. बोट आणि हत्यार ओलं ठेवा. एम-सील भरड आहे आणि भराभर आवळतं, त्यामुळे चेहऱ्याला नको, पण पायाखालचा खडक करायला झकास. त्या खडकावर पातळ फेविकॉल आणि चाळलेली रांगोळी टाका. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे उभे केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

अस्तराचं, म्हणजे प्रायमरचं, गणित हवेशी आहे. जून ते सप्टेंबर पुण्यात मी स्प्रे हातात धरत नाही. दमट हवेत पृष्ठभाग खरखरीत होतो आणि मग पुन्हा अंघोळ. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर घ्या. इतर दिवसांत कॅन दोन मिनिटं हलवा, वीतभर लांबून मारा, आणि पहिला फवारा एखाद्या निकामी हातावर.

रंग कमी घ्या. काळा, पांढरा, निळा, लाल, पिवळा, एक तपकिरी, एक चंदेरी आणि खाचांत उतरणारा एक गडद वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग. स्टीलच्या चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, की रंग तासन्‌तास वाळत नाहीत. ब्रशबाबत माझं मत ठाम आहे : तीन शून्यांचे केसाएवढे ब्रश घेऊ नका, त्यावरचा रंग सैनिकापर्यंत पोचेतो वाळतो. टोकदार एक नंबर पुरतो.

आणि डोळे. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी कसलेल्या हाताकडेच असते, ते उगाच नाही. तुमचा हात तसा बसेतोवर सैनिकांना हेल्मेटवाली डोकी लावा.