दीड किलो, डेढ़ किलो आणि हिशेबाची शीट

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या इंदूरच्या मराठी घरांत हिशेब हळूहळू वहीतून गूगल शीट्सवर येऊ लागला आहे. राजेंद्रनगरातल्या आमच्या घरीही तसेच झाले. गेल्या वर्षी चकलीचा दर वाढला तेव्हा सूत्रातला आकडा मी वरच्या चाळीसेक ओळींत बदलला, खालच्या ओळी जुन्याच दराने बिले काढत राहिल्या, आणि हे भाऊबीजेनंतर रोकड जुळवताना लक्षात आले. चूक माझीच होती. पण एकच नियम शीटच्या तीनशे सेलमध्ये, म्हणजे चौकटींत, उतरवून ठेवला की ती आज ना उद्या होतेच. त्यावर उपाय म्हणजे नियम एकाच ठिकाणी लिहून त्याला नाव देणे, म्हणजेच स्वतःचे फंक्शन तयार करणे.

शीट उघडण्याआधी नियम कागदावर साध्या वाक्यांत लिहावा आणि काठावरचे आकडे हाताने मांडून पाहावेत. समजा, चकली ४८० रुपये किलो आहे, ५ किलो किंवा त्याहून अधिक घेतल्यास १० टक्के सूट आहे आणि बिल १००० रुपयांपेक्षा कमी असेल तर घरपोचचे ६० रुपये वेगळे लागतात. २ किलोचे ९६० अधिक ६०, म्हणजे १०२० रुपये होतात. ६ किलोचे २८८० मधून २८८ वजा जाऊन २५९२ होतात. साडेचार किलोचे मात्र २१६० रुपये होतात आणि सूट धरून पाच किलोचेही २१६०च, म्हणजे पावणेपाच किलो घेणारा गिऱ्हाईक पाच किलोवाल्यापेक्षा जास्त पैसे मोजतो. ही विसंगती आमच्याकडे कित्येक वर्षे होती आणि नियम लिहून काढेपर्यंत कोणालाही दिसली नव्हती.

आता ‘डेटा’ मेनूतील ‘नेम्ड फंक्शन्स’ उघडून नवे फंक्शन जोडावे. त्याचे नाव रोमन अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता द्यावे. आपण त्याला ‘FARALBIL’ (फराळबिल) म्हणू. त्याला दर आणि वजन अशा दोन गोष्टी बाहेरून मिळतील असे सांगावे. सूत्रात ‘लेट’ वापरून दर गुणिले वजन या रकमेला आधी एक नाव द्यावे, सूट वजा केल्यानंतरच्या रकमेला दुसरे, आणि शेवटच्या ‘इफ’मध्ये, म्हणजे अट तपासणाऱ्या फंक्शनमध्ये, घरपोचचा खर्च मिळवावा, ‘लेट’ नसेल तर तोच गुणाकार सूत्रात तीन-चार वेळा लिहावा लागतो आणि नंतर कोणालाच वाचता येत नाही. दर सूत्रात न घालता ‘दरपत्रक’ या वेगळ्या पानावर ठेवावेत. मग प्रत्येक ओळीत फंक्शनचे नाव आणि कंसात दर व वजनाचे सेल एवढेच उरते. कागदावरची उत्तरे आणि शीटची उत्तरे जुळल्याशिवाय खरी ऑर्डर नोंदवू नये.

मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्ये हेच काम ‘लॅम्ब्डा’ या फंक्शनने लिहून ‘नेम मॅनेजर’मध्ये नाव देऊन करता येते. १९९३ पासून एक्सेलमध्ये व्हीबीए ही प्रोग्रामिंगची सोय होती, पण त्यासाठी सूत्रांची भाषा सोडून वेगळी भाषा शिकावी लागे. सूत्रांच्याच भाषेत स्वतःचे फंक्शन लिहिण्याची सोय २०२० च्या डिसेंबरात जाहीर झाली आणि गूगल शीट्समध्ये ती २०२२ मध्ये आली.

सूत्रांची धाव संपते ती ऑर्डरीच्या मजकुरापाशी. इंदुरात एकाच दिवशी ‘दीड किलो’, ‘डेढ़ किलो’, ‘सव्वादोन’ आणि ‘ढाई’ असे निरोप येतात. वजनाच्या रकान्यात ‘दीड किलो’ लिहिले की गुणाकार अडतो. इथे ‘एक्सटेन्शन्स’ मेनूतून ‘अ‍ॅप्स स्क्रिप्ट’ ही शीटसाठी प्रोग्राम लिहिण्याची जागा उघडावी. तिची भाषा जावास्क्रिप्ट आहे. पाव म्हणजे ०.२५, पाऊण म्हणजे ०.७५, दीड आणि डेढ़ म्हणजे १.५, अडीच आणि ढाई म्हणजे २.५ अशी जोड्यांची यादी करावी आणि फंक्शनने आलेला शब्द तिच्यात शोधून आकडा परत द्यावा. एवढ्यासाठी तक्त्यात शोधून उत्तर देणारे शीटचे ‘व्हीलूकअप’ही पुरेल, हे खरे, परंतु शब्दाची सुरुवात ‘साडे’ने झाल्यास पुढच्या संख्येत अर्धा मिळवणे, ‘सव्वा’ने झाल्यास पाव मिळवणे आणि ‘पावणे’ने झाल्यास पाव वजा करणे हे तीन नियम लिहिले की यादी फार लहान राहते.

एक खाचखळगा असा की ‘डेढ़’मधले ढ़ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवले जाते, एक सलग चिन्ह म्हणून आणि दुसरे ढ व खालचा नुक्ता असे मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण तुलना फसते. म्हणून यादीतल्या आणि आलेल्या, अशा दोन्ही शब्दांवर दोन्ही प्रकार एकसारखे करणारे जावास्क्रिप्टचे ‘नॉर्मलाइझ’ चालवूनच ते ताडून पाहावेत.

असे फंक्शन फक्त उत्तर परत देते. उत्तराच्या जागेखेरीज दुसऱ्या सेलमध्ये ते काही लिहू शकत नाही, आणि ३० सेकंदांत उत्तर आले नाही तर त्रुटी दाखवते. तीनशे ओळींत तीनशे वेळा बोलावण्याऐवजी पूर्ण रकाना एकदमच त्याच्याकडे द्यावा आणि उत्तरेही रकान्याच्याच रूपात घ्यावीत. अनोळखी शब्दाला शून्य मात्र कधीही देऊ नये, कारण शून्य किलोचे बिल फक्त घरपोचच्या ६० रुपयांचे निघते आणि बेरजेत निमूटपणे मिसळून जाते. त्याऐवजी त्रुटी येऊ द्यावी, म्हणजे ती ओळ बिल निघण्याआधीच अडून राहते. आमच्याकडे अशी ओळ बहुधा ‘दोन-अडीच किलो शेव’ अशा निरोपाची असते, आणि तेव्हा फोनच करावा लागतो.