पोट फुगलं की ओवा? आधी या चुका टाळा

आयबीएसचा, म्हणजे आतडं नाजूक होऊन पोट वारंवार बिघडण्याचा, जुना त्रास असलेल्यांचं पोट वरण-बट्टी जेवल्यावर गच्च होतं. मग मूठभर ओवा चावायचा, वर सोडा प्यायचा आणि तरीही रात्रभर कूस बदलायची. ओवा चांगलाच आहे, पण घेण्याची रीत चुकते.

ओव्याचा गुण त्यातल्या तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर उडतं. पातेलं उघडं ठेवून खळखळ उकळलं की वास घरभर पसरतो आणि कपात नुसतं कडवट पाणी उरतं. पाव चमचा ओवा तळहातावर चुरडा, त्यावर कपभर उकळतं पाणी ओता, झाकून ठेवा आणि ७ मिनिटांनी गाळा. जेवणानंतर कोमट प्या. दिवसातून दोनदा पुरे. छातीत जळजळ होत असेल तर ओवा आणि पुदिना दोन्ही टाळा. पुदिन्याने जठराच्या वरच्या तोंडाचा स्नायू सैल पडतो आणि आम्ल वर येतं.

बडीशेपेचा काढा दाट केला म्हणजे जास्त लागू पडेल, हाही गैरसमजच. दाट काढ्यात फ्रुक्टान, म्हणजे आतड्यात न पचणारी एक प्रकारची कर्बोदकं, उतरतात आणि आयबीएसमध्ये गॅस करणारे तेच.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इसबगोलाचं. पोट फुगलेलं असताना दोन मोठे चमचे घोटभर पाण्यात घेतले तर आतच लगदा होतो आणि पोट आणखी ताणतं. इसबगोल तात्काळ आरामासाठी नाहीच, ते मलप्रवृत्ती सुधारण्यासाठी असतं. अर्ध्या छोट्या चमच्याने सुरुवात करा. २५० मिली पाण्यात ढवळून लगेच प्या, वर अर्धा ग्लास पाणी घ्या आणि चार-पाच दिवसांनीच मात्रा वाढवा. इतर गोळ्या दोन तास आधी किंवा नंतर घ्या. थायरॉईडची गोळी असेल तर अंतर चार तासांचं ठेवा.

हिंगाची डबी एकदा वाचून पाहा. बांधानी, म्हणजे पीठ मिसळून तयार केलेल्या, हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. सीलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा आजार, असेल तर ही चिमूटही नको.

खाण्याचा सोडा जठरातल्या आम्लाशी मिळून स्वतःच कार्बन डायऑक्साइड तयार करतो. ढेकर येते म्हणून बरं वाटतं, इतकंच. त्यात सोडियम भरपूर असल्याने बीपी आणि किडनीच्या रुग्णांनी तो घेऊच नये. ताकात काळं मीठ सढळ हाताने टाकतानाही हे लक्षात ठेवा. दूध सोसत नसेल तर ताजं, गोड दही घुसळू नका. रात्रभर नीट विरजलेल्या दह्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी उरतं.

आता ताटाकडे. काढा घेऊन वर तेच खाल्लं तर उपयोग काय? भरितातला लसूण मुख्य गुन्हेगार, पण त्यासाठी भरीत सोडायची गरज नाही. लसणातले फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात नाही. पाकळ्या अख्ख्या ठेवून तेलात परता, लालसर झाल्या की काढून टाका आणि त्याच तेलात भरीत फोडणीला द्या. असं तेल साठवू मात्र नका, त्यात विषारी जंतू वाढू शकतात. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, खालचा पांढरा नको. उडदाची डाळ रात्रभर भिजवून ते पाणी फेका. कळण्याच्या भाकरीतही उडीद असतोच, म्हणून त्रासाच्या दिवसांत नुसत्या ज्वारीची भाकरी बरी. जळगावचं केळं घट्ट, पिवळं असताना खा. काळे ठिपके पडलेल्या केळ्यात फ्रुक्टान वाढलेले असतात.

लिव्हरच्या जुन्या आजारात पोट मोठं दिसतं ते पुष्कळदा पाण्यामुळे, गॅसमुळे नव्हे. अशा वेळी खारट ताक आणि सोडा नुकसानच करतात. वजन घटणं, शौचात रक्त, कावीळ, सतत उलट्या किंवा गॅसही सुटत नाही इतकं ताणलेलं पोट, यांपैकी काहीही दिसलं तर काढे थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. पाळी गेलेल्या बाईचं पोट दोन-तीन आठवडे रोज फुगत असेल, तर वात म्हणून सोडून न देता सोनोग्राफी करून घ्या.