मध आणि परागातली प्रथिनं मोजताना या चुका टाळा

पाच वेगवेगळ्या फुलांचे मध घेतले, प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल चालवलं आणि पाचही लेनमध्ये ५५ ते ६० किलोडाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं एकक) आसपास तोच जाड पट्टा आला. नवखा माणूस इथे हमखास घाबरतो. नमुने एकमेकांत मिसळले की काय? बहुधा नाही. तो पट्टा फुलाचा नसून मधमाशीचा आहे: रॉयल जेलीतलं मुख्य प्रथिन, एमआरजेपी-१. अल्फा-ग्लुकोसिडेज आणि ग्लुकोज ऑक्सिडेज ही विकरंही माशीच्या ग्रंथींतूनच मधात उतरतात. म्हणून एकूण प्रथिनांच्या आकड्यावरून मध कोणत्या झाडाचा हे सांगायला जाऊ नका. झाड ओळखायचं असेल तर पातळ केलेला मध सेंट्रिफ्यूज करून तळाशी बसलेला पराग सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पुष्कळजण नेमका हाच गाळ बेसिनमध्ये ओततात.

आकडा भलताच मोठा येतोय?

मधात साखर साधारण ८० टक्के आणि प्रथिनं अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ०.२ टक्के धरली तर एका भाग प्रथिनामागे चारशे भाग साखर! प्रथिनं मोजायच्या बीसीए पद्धतीत ती तांब्याच्या आयनांचं क्षपण करतात, त्यावरून रंग येतो. पण ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही तेच करतात. शाळेतली बेनेडिक्ट चाचणी आठवा. लोरी या रंगावरून मोजायच्या दुसऱ्या पद्धतीलाही साखर बाधते. अशा वेळी तुम्ही प्रथिनांच्या नावाखाली साखर मोजत असता.

उपाय डायलिसिसचा, म्हणजे साखर बाहेर जाऊ देणाऱ्या पण प्रथिनं अडवणाऱ्या पडद्याच्या पिशवीचा. मध आधी पाण्यात पातळ करा, पिशवीत भरा, थंडीत ठेवा आणि बाहेरचं पाणी बदलत राहा. पिशवी मात्र काठोकाठ भरू नका. साखरेमुळे पाणी आत खेचलं जातं, पिशवी फुगते आणि कधीकधी रात्रीतून फुटते. सकाळी रिकामी पिशवी बघण्याचा अनुभव एकदाच पुरे. फुगल्यामुळे आकारमानही वाढतं, त्यामुळे शेवटी किती मिलिलिटर झालं ते मोजल्याशिवाय हिशोब करू नका. ब्लँक (तुलनेसाठीचा प्रथिन नसलेला नमुना) म्हणून नुसतं पाणी चालणार नाही. ग्लुकोज-फ्रुक्टोजचं द्रावण त्याच डायलिसिसमधून काढा आणि ते वापरा.

परागाचा आकडा फारच लहान येतोय?

इथे दोष बहुतेक वेळा कवचाचा असतो. परागकणाचं बाहेरचं आवरण स्पोरोपोलेनिनचं, कमालीचं चिवट. नुसत्या बफरमध्ये ढवळून आतलं सगळं बाहेर येत नाही. द्रव नायट्रोजनमध्ये कुटा किंवा मण्यांच्या यंत्रात फोडा, आणि पुढे जाण्याआधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून कण खरंच फुटलेत का ते तपासा. दोन मिनिटांचं काम आहे, पण क्वचितच कोणी करतं.

अर्क तपकिरी झाला तर पॉलिफेनॉल्सचा संशय घ्या. ती प्रथिनांना चिकटतात आणि लोरीच्या फोलिन अभिकर्मकाशी स्वतःच रंग देतात. अर्क काढतानाच पीव्हीपीपी (पॉलिफेनॉल्स धरून ठेवणारी पूड) घाला, नंतर घालून फारसा उपयोग नाही.

माशीने पायावर आणलेली गोळी म्हणजे शुद्ध पराग नव्हे. माशी त्यात मकरंद मिसळते, त्यामुळे तेवढ्याच वजनात प्रथिन कमी भरतं. फुलातून हाताने काढलेल्या परागाशी तिची थेट तुलना करू नका. रंगावरून गोळ्या वेगळ्या केल्या तरी एका रंगाची दोन झाडं असू शकतात. ताज्या गोळीत पाणीही बरंच असतं, म्हणून आकडे कोरड्या वजनावर द्या. वेगवेगळ्या वनस्पतींच्या परागात प्रथिनं सुमारे २.५ ते ६१ टक्के इतकी वेगळी असतात. ओलाव्याचा घोळ त्यात भर घालायला नको.

गुणकाची गफलत

केल्डाल पद्धतीत (ती १८८३ सालची) नायट्रोजन मोजून गुणकाने गुणतात. सवयीने ६.२५ वापरला जातो, परागासाठी अनेकजण ५.६ घेतात. नायट्रोजन ४ टक्के असेल तर पहिल्याने २५ टक्के प्रथिन येतं, दुसऱ्याने २२.४. गुणक न लिहिलेला आकडा मी तरी तुलनेत घेत नाही.

केल्डालचं उत्तर ब्रॅडफर्ड या निळ्या रंगावरून मोजायच्या पद्धतीशी जुळलं नाही म्हणून प्रयोग पुन्हा करत बसू नका. मध आणि पराग दोन्हींत प्रोलिनसारखी मुक्त अमिनो आम्लं भरपूर असतात. केल्डाल त्यांचाही नायट्रोजन धरतं. ब्रॅडफर्डचा निळा रंग मात्र ती आणि अगदी छोटे पेप्टाइड सोडून देतो, शिवाय आर्जिनिन-लायसिन जास्त असलेल्या प्रथिनांना झुकतं माप देतो.