‘ह्याच्याऐवजी ते’ इंग्रजीत कसं सांगावं?

मालवण असो की गुहागर, होमस्टे किंवा खानावळ चालवणाऱ्याला परप्रांतातल्या पाहुण्याशी इंग्रजीत ‘नाही’ म्हणणं जमतं. गाडी अडते ती पुढे. सुरमई नाही, मग काय? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, तेव्हा तर हा प्रश्न रोजचाच.

आधी मनात दोन गोष्टी वेगळ्या करा: जाणारी आणि येणारी. सगळी गफलत इथंच होते. समजा, आमसुलं संपली म्हणून कालवणात चिंच घालायची आहे. आपण म्हणतो, ‘आमसुलाऐवजी चिंच’. जाणारी वस्तू आधी, येणारी मागून. हाच क्रम धरून कुणी ‘सबस्टिट्यूट कोकम फॉर टॅमरिंड’ म्हणालं की अर्थ उलटा होतो: चिंच नको, आमसूल घाला! सबस्टिट्यूटला लागून येणारी वस्तू हवी आणि फॉरच्या पुढे जाणारी: ‘सबस्टिट्यूट टॅमरिंड फॉर कोकम’. एवढा घोळ नको असेल तर सरळ ‘रिप्लेस कोकम विथ टॅमरिंड’ म्हणा, क्रम मराठीसारखाच राहतो. माझं मत विचाराल तर बोलताना रिप्लेसच बरं. सोलकढीच्या बाबतीत मात्र दोन्ही विसरा. तिथं ‘देअर इज नो सबस्टिट्यूट फॉर कोकम’ एवढंच खरं.

आता पाहुण्याकडून येणारं वाक्य. ‘कॅन आय स्वॅप द राइस फॉर भाकरी?’ इथं फॉरच्या पुढे त्याला हवी असलेली वस्तू आहे. स्वॅप म्हणजे अदलाबदल, त्यात द्यायचं आधी, घ्यायचं नंतर. तेव्हा भात उचला, भाकरी वाढा.

स्वतः पर्याय सुचवताना ‘इन्स्टेड’ वाक्याच्या शेवटी टाकला की काम भागतं: ‘सॉरी, वुई हॅव रन आउट ऑफ सुरमई. वुड यू लाइक बांगडा इन्स्टेड?’ शेवटी आला तर त्याला ‘ऑफ’ जोडायचा नाही. पुढे वस्तूचं नाव येणार असेल तरच ‘इन्स्टेड ऑफ सुरमई’. ‘यू विल हॅव टु सेटल फॉर बांगडा’ असं चुकूनही म्हणू नका. ‘सेटल फॉर’मध्ये नाइलाज आहे, आणि बांगड्याचा अपमानही. ‘मेक डू विथ’ म्हणजे दुधाची तहान ताकावर. तेही पाहुण्याला सांगायचं नसतं, स्वतःपुरतं ठेवायचं.

माणसाच्या जागी माणूस आला तर क्रियापदं बदलतात. तुम्ही बाजारात गेलात आणि भाऊ घर सांभाळतोय: ‘माय ब्रदर इज फिलिंग इन फॉर मी.’ ‘कव्हरिंग फॉर मी’ही चालतं, पण जपून, कारण त्याचा दुसरा अर्थ कुणाच्या चुकीवर पांघरूण घालणं असाही होतो. दशावतारात राजाचं काम करणारा आजारी पडला आणि ऐनवेळी दुसऱ्यानं मुकुट चढवला, तर ‘ही स्टुड इन फॉर द किंग’. ‘टेक ओव्हर’ मात्र कारभारच हाती घेतला तर.

मग वाटा. दापोलीकडून गुहागरला निघालेल्याला दाभोळच्या धक्क्यावर सांगा: ‘यू कॅन आयदर टेक द फेरी टु धोपावे ऑर गो राउंड बाय चिपळूण.’ फेरीबोट बंद पडली तर ‘वुई कॅन फॉल बॅक ऑन द रोड’, म्हणजे हाताशी राखलेला पर्याय. अशा वाटेला ‘ऑल्टरनेटिव्ह रूट’ म्हणा. ‘ऑल्टरनेट’ही कानावर येतो, पण ‘ऑन ऑल्टरनेट डेज’ म्हणजे एक दिवस आड, हे ध्यानात ठेवा.

उरला ‘हॉब्सन्स चॉइस’. केंब्रिजचा टॉमस हॉब्सन (१५४४–१६३१) घोडे भाड्यानं द्यायचा. दाराजवळचा घोडा घ्या, नाहीतर राहू द्या, असा त्याचा खाक्या. चांगल्या घोड्यांवर सारखा ताण पडू नये म्हणून. दोन वाईट पर्यायांतून एक निवडायचा असेल तिथं हा शब्दप्रयोग बसत नाही. एकच पर्याय आहे आणि तो घ्या किंवा सोडा, अशा ठिकाणी बसतो. एसटी स्टँडाबाहेरच्या रिक्षांच्या लायनीत पाहुणा मागची नवी कोरी रिक्षा दाखवू लागला, तर हसून म्हणायला हरकत नाही: ‘हॉब्सन्स चॉइस, सर. फर्स्ट रिक्षा ऑर नो रिक्षा.’