चार सेकंदांचा हिशेब: सायकल शर्यतीतलं अंतर कसं वाचावं

18 ऑगस्ट 2024 च्या संध्याकाळी देमी वोलेरिंगने आल्प द्युएझचा घाट सगळ्यांच्या आधी सर केला आणि महिलांच्या टूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा जिंकला. मग वाट बघणं उरलं. एक मिनिट आणि एक सेकंदाने कासिया नेविआदोमा आली, आणि पिवळी जर्सी, म्हणजे सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेत पहिली असल्याची खूण, तिच्याच अंगावर राहिली. आठ टप्प्यांनंतर दोघींमधला फरक होता 4 सेकंद.

शर्यत नुसती पाहिली तर हा निकाल नशिबाचा वाटतो. सेकंदांचा जमाखर्च मांडून पाहिली, तर ते चार सेकंद कुठे कुठे पडले होते ते बोट ठेवून दाखवता येतं. त्यासाठी लागते एक वही, एक पेन आणि थोडी चिकाटी.

पहिली पायरी: आदल्या रात्री वही तयार करा

एकूण क्रमवारीतल्या पहिल्या पाच-सहा जणांची नावं आणि प्रत्येकाची पिछाडी लिहा, मिनिटं मोडून सेकंदांत. 1:15 ऐवजी 75. वजाबाकी सोपी होते आणि डोळ्यांना खरं अंतर दिसतं. मग प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: आज याला वेळ कमवायचा आहे की राखायचा आहे? पुढे असलेल्याला हल्ला करायची गरज नसते, प्रतिस्पर्ध्याचं चाक धरून बसलं तरी त्याचं भागतं. मागे असलेल्याला मात्र कधी ना कधी सुटावंच लागतं. दिवसभराचे डावपेच या एका उत्तरातून कळायला लागतात.

दुसरी पायरी: सेकंदांचे मीटर करा

ताशी 18 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 5 मीटर. ताशी 72 म्हणजे 20 मीटर. तेच चार सेकंद खड्या चढावर वीसेक मीटर दिसतील, सपाटीवर ताशी 45 च्या वेगात 50 मीटर आणि उतारावर 80 मीटर. म्हणून टीव्हीवर अंतर 'केवढं मोठं' दिसतंय यावर भरवसा ठेवू नका. रस्त्याकडेचा खांब, झाड, कमान, काहीही एक खूण धरा. पुढचा तिथून गेला की मोजायला लागा, मागचा पोचला की थांबा. पडद्यावरचा आकडा बदलायला वेळ लागतो, तुमच्या आकड्याला लागत नाही. ही सवय लागली की शर्यत बघण्यातली मजा दुप्पट होते, हे मी अनुभवाने सांगतो.

तिसरी पायरी: पळून गेलेल्यांपेक्षा ओढणाऱ्यांकडे बघा

सकाळीच घोळक्यातून निसटलेल्यांची आघाडी पाच-सहा मिनिटांची झाली की नवखा प्रेक्षक घाबरतो. फ्रेंच समालोचक रोबेर शापात यांचा जुना आडाखा लक्षात ठेवा: पाठलाग नीट चालू असेल तर घोळका दर 10 किलोमीटरला साधारण एक मिनिट भरून काढतो. 30 किलोमीटर उरलेत आणि आघाडी दोन मिनिटांची आहे? बहुधा सापडतील. रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा असेल, किंवा पाठलागाचा भार कुणीच घेत नसेल, तर आडाखा चुकतो.

घोळका पळालेल्यांना असा गाठतो याचं कारण हवा. पुढच्याच्या मागे दडून चालवणाऱ्याची बरीच ताकद वाचते, त्यामुळे घोळक्याच्या तोंडाशी कुठल्या संघाची जर्सी आहे ही दिवसातली सगळ्यात मोलाची खबर. वारा आडवा असेल तर आणखी सावध राहा. मग रायडर रस्त्याच्या रुंदीत तिरकी रांग धरतात, रांगेत जागा न मिळालेले उघड्यावर पडतात आणि घोळका फुटतो. 2013 च्या टूरमध्ये सेंत आमां मोंरोंच्या सपाट टप्प्यावर पिवळ्या जर्सीतल्या क्रिस फ्रूमचे असेच 69 सेकंद गेले होते, तेही वाटेत एकही मोठा घाट नसताना.

चौथी पायरी: घाटात सोबती मोजा

मुंबई-पुणे सायकल शर्यतीचा 'घाटाचा राजा' आपल्याला ठाऊक आहे. आल्प्समध्ये मात्र राजा एकटा असला की संकटात येतो. टूरमध्ये 13 जुलै 2022 ला तादेई पोगाचार पिवळ्या जर्सीत होता आणि योनास विंगेगार्ड 39 सेकंद मागे. विंगेगार्डचा संघसोबती प्रिमोझ रोग्लिच हल्ला करायचा, पोगाचार त्याला गाठायचा, लगेच विंगेगार्ड सुटायचा. गालिबिएच्या चढावर हे पुन्हा पुन्हा झालं. पोगाचारने प्रत्येक हल्ल्याला स्वतः उत्तर दिलं आणि तेव्हा तो सगळ्यांत ताकदवान वाटत होता. पुढच्या ग्रानोंच्या चढावर त्याचे पाय संपले. त्या दिवशी 2 मिनिटं 51 सेकंद गेले, आणि टूरही.

म्हणून दर चढाच्या पायथ्याशी वहीत लिहा: कुणाकडे किती सोबती उरले? पुढे पळालेल्यांत कुणाचा माणूस आहे, जो नंतर थांबून आपल्या म्होरक्याला ओढू शकेल?

पाचवी पायरी: बक्षिसाचे सेकंद जोडायला विसरू नका

साध्या टप्प्यात पहिल्या तिघांच्या वेळेतून 10, 6 आणि 4 सेकंद वजा होतात. 2023 च्या टूरमध्ये काही ठरावीक जागी, बहुतेकदा घाटमाथ्यावर, 8, 5 आणि 2 सेकंद वेगळे मिळत होते. तेव्हा झू प्लानच्या चढावर पोगाचार एकूण वेळेत विंगेगार्डच्या 9 सेकंद मागे होता. माथ्याजवळ त्याने जोर लावला, पण पुढे मोटरसायकलींनी वाट अडली होती. माथ्यावर विंगेगार्डला 8 मिळाले, त्याला 5: फरक 12. खाली अंतिम रेषेवर पोगाचार दुसरा, विंगेगार्ड तिसरा: फरक 10. दिवसभर जिवाच्या आकांताने झुंजून हिशेब सरकला एका सेकंदाने. मला हा टप्पा अजून विसरता येत नाही.

सहावी पायरी: शेवटचे 3 किलोमीटर

सपाट टप्प्यात या पट्ट्यात कुणी पडलं किंवा सायकल बिघडली, तर त्याला तो ज्या गटात होता त्याचीच वेळ मिळते. अलीकडे काही टप्प्यांत हा पट्टा 5 किलोमीटरपर्यंत वाढवतात, म्हणून त्या दिवसाचा नियम आधी बघून ठेवा. घाटमाथ्यावर संपणाऱ्या टप्प्याला ही सवलत नसते.

सातवी पायरी: एकट्याच्या घड्याळी शर्यतीत भागाकार करा

या शर्यतीत प्रत्येकजण एकटा सुटतो आणि घड्याळाशी झुंजतो. 1989 च्या टूरच्या शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड लोराँ फिन्योंपेक्षा 50 सेकंद मागे होता, व्हर्साय ते पॅरिस अंतर 24.5 किलोमीटर. म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम 2 सेकंद. असं मांडलं की अशक्य वाटणारं शक्य वाटायला लागतं. हवा कापणारं लांब हँडल लावून आलेल्या लेमाँडने 58 सेकंद काढले आणि टूर 8 सेकंदांनी जिंकली.

आता पुन्हा आल्प द्युएझकडे येऊ आणि वही उघडू. पाचव्या टप्प्यात आमनेव्हिलला वोलेरिंग पिवळ्या जर्सीत असताना पडली. रेषा सहा किलोमीटरवर होती, म्हणून सवलत नाही. 107 सेकंद गेले. त्याच टप्प्यात नेविआदोमा दुसरी आली आणि तिला 6 सेकंद बक्षीस मिळाले. शेवटच्या सकाळी वोलेरिंगची पिछाडी होती 75. रस्त्यावर तिने 61 परत मिळवले, टप्पा जिंकल्याचे 10.

75 वजा 61 वजा 10.