ठाणं ४० किलोमीटरवर असलं तर चोरीची रिपोर्ट कशी द्यायची

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्याच्या एका टोकाला. ठाणं ३८ किलोमीटर, एसटी दिवसातून दोनदा. बीट जमादार, म्हणजे गावं वाटून दिलेला हवालदार, एक अन् त्याच्याकडे गावं ढीगभर, माणूस कितीही चांगला असला तरी तो पोचणार कधी? म्हणून पहिले चार तास आपल्यालाच सांभाळा लागतात.

मागच्या साली आमच्या विहिरीवरची मोटर केबल-स्टार्टरसकट गेली. सकाळी अर्धं गाव पाहायला आलं, पायाच्या खुणा तुडवल्या गेल्या, अन् नाल्याच्या काठावर चोरट्यानं केबल जाळून तांबं काढलं होतं तिथली काळी राख, वितळून दगडाला चिकटलेलं प्लास्टिक, सगळं पोरांनी काडीनं उकरून टाकलं. पोलीस आले दुपारी, पंचनाम्यात लिहायला काही उरलंच नव्हतं. तर पहिलं काम हे, विहिरीवर कोणाला फिरकू देऊ नका, मोबाईलवर लांबून अन् जवळून दोन्ही फोटो काढा.

मग ११२ लावा, पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा नंबर. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर असला तर हा कॉल लागतो, म्हणून उंचवट्यावर जाऊन एकदा लावून पाहाच. फोन उचलणारा नागपुरात नाहीतर नवी मुंबईत बसलेला असतो, त्याला तुमचं वावर काय माहीत. आधी जिल्हा, तालुका, ठाणं सांगा, मग गाव, कारण पिंपळगाव अन् बोरगाव नावाची गावं जिकडंतिकडं आहेत.

पोलीस पाटलाला लगेच कळवा, १९६७ च्या कायद्यानं गुन्ह्याची खबर वर देणं त्याचं कामच आहे. पण इथंच लोकं चुकतात, पाटलाला सांगितलं म्हणजे रिपोर्ट झाली असं समजून घरी बसतात. एफआयआर ठाण्यातच होतो.

जाताना मोटरचं बिल न्या, मोटर-केबल-स्टार्टर सगळ्याची खरी किंमत लिहा, फुगवू नका पण कमीही सांगू नका. नव्या कायद्यात ५,००० रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्रात जाऊ शकते, मग नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, होते अन् कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास होत नाही. "आमच्या हद्दीत नाही" म्हटलं तर झिरो एफआयआर मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे, जवळच्या ठाण्यानं लिहून घ्यायचं अन् हद्दीतल्या ठाण्याकडे पाठवायचं. पावसाळ्यात पुलावरून पाणी जात असलं, गडचिरोलीत भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की होते तसं, तर खबर ऑनलाईन द्या, फक्त ३ दिवसांच्या आत जाऊन सही करा लागते. एफआयआरची नक्कल फुकट मिळते, हातात घेतल्याशिवाय उठू नका.

मला "उद्या या" म्हणून परत पाठवलं होतं, दोन दिवसांची मजुरी बुडाली अन् वरून पेट्रोल. तुमच्यावर तशी पाळी आली तर तीच रिपोर्ट लिहून एसपी साहेबांना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना, पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा. तरीही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, त्याला शपथपत्र लागते.

आणखी एक, हे जिवावरचं आहे म्हणून नीट ऐका. डोळ्यांदेखत चोर सापडला तर धरा, कायदा धरू देतो, पण ६ तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्या अन् त्याच्या अंगाला हात लावू देऊ नका. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून ५ निरपराध माणसं जमावानं ठेचून मारली. म्हणून धरलेल्या चोराला पंचायतीच्या खोलीत बसवा, पाणी द्या, दाराशी पोलीस पाटील अन् दोन वयस्कर माणसं ठेवा, किती वाजता धरला ते कागदावर लिहा अन् पोलिसांची गाडी येईपर्यंत दार सोडू नका.