फार्मसीला येताय? एका औषधाचा पिच्छा धरा

तिसऱ्या वर्षाच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला साधा प्रश्न विचारला होता. ॲस्पिरिनची जुनी बाटली उघडली की व्हिनेगरसारखा वास का येतो? मी गप्प. पहिल्या वर्षी सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲसेटिक अनहायड्राइड घेऊन ॲस्पिरिन मी माझ्या हातांनी केलेलं होतं. प्रॅक्टिकलच्या वहीत, म्हणजे जर्नलमध्ये, समीकरण होतं, खाली सही होती, दहापैकी आठ मार्कही होते. दमट हवेत ॲस्पिरिन हळूहळू तुटतं, त्याचं परत सॅलिसिलिक ॲसिड होतं आणि सोबत ॲसेटिक ॲसिड सुटतं, वास त्याचा. एवढंच सांगायचं होतं. पण प्रश्न आला फार्मास्युटिक्सच्या व्हायवात आणि उत्तर पडलं होतं केमिस्ट्रीच्या वहीत. ते वेळेवर सापडलंच नाही.

पदवीचा अभ्यासक्रम कुठे चार वर्षांचा असतो, कुठे पाच-सहा. विषयांची गर्दी मात्र सगळीकडे सारखीच. औषधाचा रेणू कसा बनतो ते मेडिसिनल केमिस्ट्री सांगते. त्या रेणूची गोळी, सिरप किंवा मलम कसं करायचं ते फार्मास्युटिक्स. शरीरात गेल्यावर काय होतं ते फार्माकॉलॉजी. वनस्पतींतून मिळणाऱ्या औषधांची फार्माकॉग्नॉसी. शिवाय मायक्रोबायॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, कायदे, गणित. प्रत्येकाचे शिक्षक वेगळे, परीक्षा वेगळी, त्यामुळे आपणही प्रत्येकाला वेगळा कप्पा करून टाकतो आणि पेपर झाला की कप्पा रिकामा करतो. मी दोन वर्षं हेच केलं.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी एक युक्ती सांगते. एक औषध निवडा आणि पदवी संपेपर्यंत त्याचा पिच्छा सोडू नका. ॲस्पिरिनच घ्या, ते सोयीचं आहे. फार्माकॉग्नॉसीत विलो नावाच्या झाडाच्या सालीतलं सॅलिसिन भेटेल, ॲस्पिरिनचं मूळ तिथलं. केमिस्ट्रीत फेलिक्स हॉफमन भेटतील, ज्यांनी १८९७ मध्ये बायर कंपनीत हे संयुग शुद्ध स्वरूपात तयार केलं. फार्मास्युटिक्समध्ये कळेल की बहुतेक पावडरी पाण्यात भिजवून, त्यांचे दाणे करून गोळ्या पाडतात, पण ॲस्पिरिनला पाणी चालत नाही, म्हणून ते कोरडंच दाबावं लागतं. (व्हिनेगरचा वास इथे पुन्हा येतो!) आणि फार्माकॉलॉजीत कळेल की ते शरीरात नेमकं काय करतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं. विक्री सुरू झाली होती १८९९ मध्ये. म्हणजे सत्तर वर्षांहून जास्त काळ लोक कारण माहीत नसताना गोळी घेत होते आणि त्यांना बरंही वाटत होतं.

माझा सगळ्यात आवडता भाग त्यापुढचा आहे. रक्तातलं ॲस्पिरिन अर्ध्या तासाच्या आत निम्मं होऊन जातं, तरी रक्त गोठण्यावरचा परिणाम आठवडाभर टिकतो. असं का? तर ॲस्पिरिन प्लेटलेटमधल्या, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या चिमुकल्या पेशीमधल्या, एका एन्झाइमला कायमचं बंद पाडतं. बाकीच्या पेशी नवं एन्झाइम बनवून घेतात. प्लेटलेटला केंद्रकच नसतं, ती बनवणार कशी? त्यामुळे ती मरेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, तशीच राहते. ७५ मिलिग्रॅमची चिमुकली गोळी रोज एकदा का पुरते आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टर 'ॲस्पिरिन घेता का?' असं का विचारतात, दोन्हींचं उत्तर या एका वाक्यात आहे. बायोकेमिस्ट्रीतलं एन्झाइम, शरीरशास्त्रातली प्लेटलेट आणि फार्माकॉलॉजीतला डोस त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोक्यात एका जागी बसले.

आता प्रॅक्टिकल. इथे हुशार मुलांचीही फजिती होते, कारण हाताला वळण लागायला वेळ लागतो. इमल्शनचंच बघा, म्हणजे एकमेकांत न मिसळणारं तेल आणि पाणी एकजीव करण्याचं. तेलाचं इमल्शन कोरड्या पद्धतीने करताना तेल ४ भाग, पाणी २ भाग आणि अकेशियाचा डिंक १ भाग, हे प्रमाण सगळ्यांना पाठ असतं. माझंही होतं. पहिल्या खेपेला मी खल धुतला, वरवर पुसला आणि त्यात डिंक टाकला. उरलेल्या ओलीत त्याच्या गुठळ्या झाल्या. दुसऱ्या खेपेला पाणी थेंबथेंब घालत बसले, कारण मला ते जास्त काळजीपूर्वक वाटलं. तेही फसलं: पाणी असं थोडंथोडं गेलं की पाण्यात तेलाचे थेंब होण्याऐवजी तेलातच पाण्याचे होतात आणि सगळं फाटतं. तिसऱ्या खेपेला शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "अगं, पाणी एकदम ओत आणि एकाच दिशेने जोरात घोट." ओतलं. मनगट दुखेस्तोवर घोटलं. मग अचानक खलातून चटचट आवाज यायला लागला आणि मिश्रण पांढरंशुभ्र, दाट झालं. हा आवाज पुस्तकात एका ओळीत असतो. कानांनी ऐकल्यावर मात्र आयुष्यभर विसरत नाही.

प्रॅक्टिकल फसलं तर तसंच लिहा, हे माझं ठाम मत आहे. फ्रायेबिलिटीच्या, म्हणजे गोळी किती ठिसूळ आहे ते पाहण्याच्या, चाचणीत गोळ्या १०० फेरे फिरवल्यावर वजन १ टक्क्यापेक्षा जास्त घटायला नको असतं. आमच्या घटलं २.३ टक्के, आणि अर्ध्या वर्गाने शेजारच्या गटाचा आकडा उतरवला. ज्या दोघींनी खरा आकडा लिहून 'बाइंडर (पावडर धरून ठेवणारा पदार्थ) कमी पडला असावा' असं खाली टिपलं, त्यांना व्हायवात बोलायला विषय मिळाला. आमच्याकडे फक्त सुंदर आकडा होता. जर्नल त्याच दिवशी पुरं करावं हेही सगळे सांगतात, कोणी ऐकत नाही. मीही ऐकलं नव्हतं.

गणिताबद्दल मात्र ऐकाच. फार्मसीचं गणित शाळेतलंच असतं, टक्के आणि प्रमाण. म्हणून कोणी त्याचा सराव करत नाही आणि सगळ्यात महागात पडतं तेच. ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन १:१००० असेल तर १००० मिलीमध्ये १ ग्रॅम, म्हणजे प्रत्येक मिलीत १ मिलिग्रॅम. मग ०.३ मिलिग्रॅम द्यायचं तर किती मिली? वर्गात मी घाईने ३ म्हणून मोकळी झाले. सर रागावले नाहीत. म्हणाले, "दहापट दिलंस." बस, एवढंच. त्याच औषधाचं १:१०,००० असंही द्रावण असतं, आणि दोन्हींत गल्लत झाली की पुन्हा तीच दहापट. तेव्हापासून उत्तर आलं की मी उलटं करून ताडून बघते. आणि दोन सवयी आत्ताच लावून घ्या: .५ असं कधी लिहायचं नाही, ०.५ लिहायचं; आणि ५.० कधी लिहायचं नाही, नुसतं ५. पहिल्यात टिंब पुसट झालं तर ५ वाचलं जातं, दुसऱ्यात ५०.

पाठांतर किती करावं लागतं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. बरंच. पण औषधांची जेनेरिक नावं आंधळी नसतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार त्यांना कुळ असतं. शेवटी 'ओलोल' आलं की हृदयाचे ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकर, 'प्रिल' आलं की रक्तदाबाची एसीई इनहिबिटर, 'सार्टन' आलं की त्यांची चुलत भावंडं. कुळ पाठ करा, मग माणसं ओळखीची वाटतात. फक्त आडनावावर आंधळा विश्वास नको. आमच्या वर्गातल्या एकाने 'स्टॅटिन' दिसलं म्हणून निस्टॅटिन कोलेस्टेरॉल कमी करतं असं लिहिलं होतं. ते बुरशीवरचं औषध आहे.

फार्माकॉग्नॉसीला मुलं नाकं मुरडतात. ब्लेडने देठाचे पातळ काप घ्यायचे, फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं की लिग्निन, म्हणजे देठाला टणकपणा देणारा घटक, लालगुलाबी दिसतं, ते पाहून आकृती काढायची. पुस्तकातली आकृती न बघता काढा, एवढंच.

काही विषय मला रटाळ वाटायचे. एक्सिपियंट, म्हणजे गोळी-सिरपमध्ये औषधाशिवाय जे काही असतं ते, त्यातलाच. मग एका तासाला १९३७ ची गोष्ट ऐकली. अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतुसंसर्गावरच्या औषधाचं पातळ रूप बाजारात आलं. औषध चांगलंच होतं, पण ते विरघळत नव्हतं म्हणून विद्रावक म्हणून, म्हणजे ते विरघळवायला, डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं. चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. विषारीपणा कोणी तपासला नाही. शंभरावर माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं होती. पुढच्याच वर्षी तिथे नवा औषध कायदा आला. विद्रावकांचा तो तक्ता त्यानंतर मला कोणी पाठ करायला सांगावा लागला नाही.

डॉक्टर व्हायचं राहिलं म्हणून फार्मसीला येणारेही पुष्कळ असतात. त्यांना मी परत जा म्हणत नाही, पण पहिल्या वर्षभरात ती तुलना सुटली नाही तर पुढची वर्षं जड जातात. इथलं काम मुळात वेगळं आहे. कोणी उत्पादनात जातं, कोणी गुणवत्ता तपासणीत, कोणी संशोधनात, कोणी रुग्णालयात. गोळी विरघळायला किती वेळ लागतो हे पाहत डिसोल्यूशनच्या यंत्रासमोर, ३७ अंशांवर फिरणाऱ्या पॅडलकडे बघत दिवस काढणं काहींना शिक्षा वाटते. मला तिथे फार शांत वाटायचं.

शेवटच्या वर्षी रुग्णालयात पाठवतात तेव्हा पुस्तकातलं बोलणं माणसांशी बोलायची वेळ येते. पहिल्या आठवड्यात मी एका आजोबांना इनहेलर कसा घ्यायचा ते समजावलं. हलवा, पूर्ण श्वास सोडा, तोंडात धरा, दाबताना सावकाश आत ओढा, मग दहा सेकंद रोखून धरा. "समजलं ना आजोबा?" त्यांनी मान डोलावली. मी निघणार तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या सीनियर फार्मासिस्ट म्हणाल्या, "आजोबा, आता तुम्ही हिला दाखवा बरं." त्यांनी इनहेलर मन लावून हलवला, श्वास सोडला आणि टोपण न काढताच तोंडात धरला. टोपण काढायला मीच सांगितलं नव्हतं.